नामदेवच्या चाकाचे आटे

१० मे १९८८, मंगळ.
सकाळी लेथचं दुकान उघडतोय तोच खांब गावाहून एक बाई. जड पिशवी मांडीवर घेऊन एसटीनं पेणपर्यंत आली. आत जुन्या विलायती ट्रॅक्टरचा पुढच्या चाकाचा दांडा. चाक धरून ठेवणारा नट ज्यावर बसतो ते आटे पार गेलेले.
"मिस्त्री, व्हईल का? माजा भाऊ ट्रॅक्टर नांगरनीला काढनार हाय. मालक गेल्यापास्नं आंब्याखाली उभाच हाय तो."
मालक म्हणजे तिचा नवरा, नामदेव. सात वर्षं झाली. भाताच्या पोत्यांची ट्रॉली, उतार, पुढचं चाक निखळलं, ट्रॅक्टर उलटला. गाव एकच बोललं, पिऊन होता.
"पीत नव्हते वो," ती आपणहून म्हणाली. "संकष्टीचा उपास व्हता त्या दिवशी."
शुक्रवारी या म्हटलं.

११ मे
दांडा रॉकेलनं धुतला. तोंडावर पंचनं ठोकलेला ठिपका, माझ्या कामाची खूण. वेल्डिंगनं भरून वर नवे आटे पाडलेत, तेही माझेच.
आट्यांचा कोन तपासायचा पात्यांचा गेज लावला. ५५ चं पातं बसेना. ६० चं चपखल बसलं, टोकाशी उरलेल्या दोन आट्यांत.
या विलायती नटाचे आटे ५५ अंशांचे. दांड्यावर ६० चे पाडले तर नट चढतो, घट्टही वाटतो, पण आटे आत नुसते टेकलेले असतात. ओझं पडलं की झिजतात आणि एक दिवस सोडून देतात. हे मी चार कारागिरांना शिकवलंय. मी!


१२ मे
काल दिवसभर मनाशी म्हणत होतो, कसं झालं आठवत नाही. खोटं. सगळं आठवतं. ५५ च्या हत्याराचं टोक उडालं होतं. नवं घासायला अर्धा तास. नामदेव स्टुलावर बसून, "अन्ना, आटपा, दोनची एसटी जाईल." ६० चं हत्यार लेथवर चढवलेलंच होतं. पाडले आटे. नट फिरवून बघितला, फिरला. म्हटलं, जा, आता चिंता नको.
आज लेथ चालू केली की स्टुलावर कोणीतरी बसलंय असं वाटायचं. दोनदा मागं वळून बघितलं. तिसऱ्यांदा स्टूल उचलून अंगणात ठेवलं. तरी पाठीवर नजर आहेच. भीती वाटते, खरंच वाटते.
कुसुमला सांगितलं. ती म्हणाली, "इतक्या वर्षांनी कशाला उकरून काढता? दुकानात कुत्रं फिरकणार नाही." बायको चुकीचं बोलत नव्हती, म्हणूनच तिच्यावर ओरडलो.
दुपारी दांडा लेथवर चढवला. दुरुस्तीसाठी जुने आटे उतरवावेच लागतात. एक फेरा मारला की ते दोन आटेही भुसा. मग माझ्याविरुद्ध काही राहत नाही. नामदेवच्या बाजूनंही.
हत्यार टेकवलं. मशीन बंद केली. दांडा उतरवला.

१३ मे
ती आली. काम केलं नाही, म्हटलं. मग बाकीचं सांगितलं, बाहेर बघत. गेज लावून दाखवला. तिला गेज काय कळणार, पण ५५ च्या पात्याखालून दिसणारा उजेड बघितला तिनं. रडेल, शिव्या देईल वाटलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
"मला काय सांगता? ते पीत नव्हते ह्ये मला ठावंच व्हतं. त्यांच्या आईला सांगा. ती अजून म्हनते, पोरगा पिऊन मेला. फोटोबी लावू देत नाय घरात."
दांडा तिनं इथंच ठेवला.

१५ मे, रवि.
दांडा पिशवीत घालून खांबला. वाटेतच उतरून परत फिरावं असं फार वाटलं. शेजारची सीट रिकामी होती, तरी अंग चोरून बसलो.
म्हातारी ओटीवर वाल निवडत होती. सुनेनं सांगितलं, पेणचे मिस्त्री आलेत. म्हातारीचा चेहरा एकदम उजळला. "तुमीच का अन्ना? नाम्या म्हनायचा, काम न्यावं तर त्यांच्याकडंच. बसा. गो, पानी दे त्यांना."
पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवला. सून खांबाला टेकून उभी, माझ्याकडे बघत.
म्हणालो, "आई, नामदेव प्यालेला नव्हता."
म्हातारीचे हात थांबले. "तुमाला कसं म्हाईत?"
पिशवीतून दांडा काढून तिच्यापुढं ठेवला आणि सगळं सांगितलं. पुढचं आज लिहवत नाही.