निम्म्या खर्चाचा निरोप

मावशी, तुमचा आवाज आता आठवावा लागतो. हात मात्र लगेच डोळ्यांपुढे येतात. बाळाला घेण्याआधी तुम्ही तळवे एकमेकांवर घासायचात आणि मला म्हणायचात, "हात आदी आपल्या गालाला लाव. तुला गार लागलं, तर त्या जिवाला किती लागंल?" मी तेव्हा डॉक्टरबाईंच्या प्रसूतिगृहात केसपेपर लिहायला होते. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी फी माफ केली म्हणून तिथून अकरावी झालेली. तुम्ही तिथे वीस वर्षं आया होता. नर्स व्हावं असं मला वाटायला लागलं ते तुमच्या मागे मागे फिरून.

एका दुपारी तुम्ही माझ्या टेबलाशी आलात. "पोरगी अकरावी पास झाली. नर्सिंगला घाला म्हनून बाईंना इंग्रजीत अर्ज लिहून दे की." अंथरुणाला खिळलेल्या आजीचं तिने दोन वर्षं सगळं केलं, पाठीला एक जखम होऊ दिली नाही, हे तुम्ही सांगत होता आणि मी लिहीत होते. चांगला लिहिला, मावशी, एवढं खरं. पण बाईंकडे असं मागता येतं, हे मला तो लिहिताना सुचलं. संध्याकाळी मी माझाही अर्ज लिहिला आणि दोन्ही एकदमच दिले.

बाईंनी मला आत बोलावलं. "सगळा खर्च मला एकीचाच झेपेल," त्या म्हणाल्या. "निम्मा घरून येणार असेल तर दोघींना पाठवते. परत येऊन दोन वर्षं इथं काम करायचं. मावशींना विचार, तुझ्या घरीही विचार." माझ्या घरी विचारण्यासारखं काही नव्हतं, आईला नर्सिंगचं नावच नको होतं, मग निम्मा खर्च कुठून येणार? तुम्ही हो म्हणाला असतात तर तुमची मुलगी गेली असती आणि मी टेबलाशीच राहिले असते. दुसऱ्या दिवशी तुम्ही व्हरांड्यात दुपटी वाळत घालत होता. मी तुमच्या शेजारून आत गेले आणि बाईंना सांगितलं, "मावशींना नाही जमणार." गरिबाला पुन्हा विचारून ओशाळं करायचं नाही, असा बाईंचा स्वभाव. त्यांनी मला निवडलं आणि तुम्हाला एवढंच सांगितलं, की या वर्षी एकीलाच पाठवते आहे.

आणि तुम्ही माझ्यासाठी आमच्या घरी आलात. आई भाकरी थापत होती. "हिने परक्यांचं गू-मूत काढायचं? मग हिला करून कोण घेणार?" तुम्ही चुलीपाशी बसकण मारलीत. "अवो वैनी, मी वीस वर्सं काडतीया, तरी बाई माझ्याच हातचा च्या पित्यात. आन् नर्स सुनेला सासू बी दबून ऱ्हाती. हातात सुई असती की." आईला हसू आलं आणि तिथेच ती विरघळली. तुम्हाला सोडायला मी पायरीपर्यंत आले, तर तुम्ही म्हणालात, "बाईंनी निम्मं जरी दिलं असतं, तर मी दोन्ही शेळ्या इकल्या असत्या. असू दे. तू तर जातीस."

मुलीला तुम्ही करकंब गावी दिलीत. मी परत येऊन ठरलेली दोन वर्षं तुमच्याबरोबर काम केलं. सगळ्यांदेखत तुम्ही मला सिस्टर म्हणायचात आणि मी रोज ठरवायचे, आज सांगू. पुढे पुण्याला नोकरी लागल्यावर तिथून लिहिता आलं असतं. पण माझं पत्र तुम्ही मुलगी माहेरी येईपर्यंत जपून ठेवता आणि तिच्याकडून वाचून घेता, हे मला ठाऊक होतं. हे तुम्हाला तिच्या तोंडून ऐकावं लागू नये म्हणून लिहिलं नाही, असं मी स्वतःला सांगत आले. तुम्ही गेलात, तेव्हा ती सबबही गेली.

ती अजून करकंबला आहे. पत्ता माझ्याकडे आहे. तरी हा कागद मी तुमच्याच नावाने लिहिते आहे, कारण तुम्ही आता मला काही विचारणार नाही.