कबुलीखालची सही

बाबा, गेल्या महिन्यात मला तुमची सही सापडली. कोर्टाच्या अभिलेख कक्षात, जुन्या फौजदारी निकालांच्या गठ्ठ्यात. पानाच्या तळाशी 'दुभाषी' असं टाइप केलेलं आणि त्यावर तुमचं ते उजवीकडे कललेलं नाव. तुम्ही दुभाषी कधीच नव्हता. तालुक्याच्या कोर्टात शिपाई होता. पुकारा करायचा, फायली आत-बाहेर न्यायच्या, साहेबांचा पाण्याचा ग्लास झाकून ठेवायचा, हे तुमचं काम. पण गोंडी येणारं दुसरं कुणी तिथे नव्हतं, म्हणून जंगलातल्या गावचा आरोपी आला की तुम्हाला पिंजऱ्याशेजारी उभं करायचे. त्या कामाची तुमच्या सेवापुस्तकात कुठे नोंद नाही. मी पाहिलं.

त्या पानावरचा दिवस मला आठवतो, कारण मी तिथे होते. नववीत होते. तुम्ही डबा विसरला होता आणि आईने मला पाठवलं होतं. मी मागच्या बाकावर बसले. पिंजऱ्यात एक बाई उभी होती, विशी-बाविशीची, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय धुळीने पांढरे झालेले. साहेब विचारतात, "गुन्हा कबूल आहे का?" तुम्ही तिला गोंडीत विचारता, "बांबू तू तोडलास का?" आपली बोली ऐकून तिचा चेहरा एकदम मोकळा होतो. ती बोलायला लागते. हो, तोडला. घराच्या भिंतीचा कूड पडला होता, त्यासाठी तोडला. त्या डोंगरावरून आमचं गाव पहिल्यापासून बांबू आणतं, माझ्या सासऱ्याने आणला, त्याच्या बापाने आणला. तो चोरून कशाला आणायचा? आणि मला लवकर जाऊ द्या, घरी अंगावर पिणारं लेकरू आहे. हे सगळं तिने हात हलवत, तुमच्याकडे बघत सांगितलं. तुम्ही साहेबांकडे वळून म्हणालात, "कबूल आहे म्हणते, साहेब." दंड, नाहीतर सात दिवस कैद. दंड भरायला तिच्यासोबत कुणी आलंच नव्हतं. पोलीस तिला घेऊन गेले तेव्हाही ती वळून तुम्हालाच काहीतरी विचारत होती.

संध्याकाळी तुम्ही सायकल हातात धरून चालत होता आणि मी शेजारून. मी विचारलं, "बाबा, थे तं लय काही सांगत होती. तुमी साहेबाले एवढंच काऊन सांगलं?"

तुम्ही थांबलात. "विचारलं तेवढंच सांगाचं असते कोर्टात."

"पन तिचं लेकरू..."

"तुले काय समजते त्यातलं? उद्यापासून डबा घेऊन येऊ नोको." मग तुम्ही सायकलवर बसलात आणि मला मागे न घेता निघून गेलात. रात्री नेहमीसारखे जेवलात. गणवेश खुंटीला टांगला. मला वाटलं होतं, निदान जेवण तरी टाकाल.

मी वकील झाले ते त्या दिवसामुळे, असं भाषणात सांगायला बरं असतं. खरं तर मला मार्क चांगले होते आणि तुम्ही प्रवेशाचा फॉर्म आणून दिला होता. चंद्रपूरला नेऊन माझा काळा कोट तुम्हीच शिवून घेतला. शिंप्याला म्हणालात, "खिसे मोठे ठेवा भाऊ, वकिलाले कागद लागते." तो कोट घालून मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा तुम्ही नव्हता. पुढे कोर्टातल्या एका निवृत्त कारकुनाने सांगितलं की त्या बाईच्या आधी कधीतरी तुम्ही एका म्हाताऱ्या आरोपीची सगळी हकीकत साहेबांना सांगायला गेला होता आणि भर कोर्टात ऐकून घेतलं होतं, "तू शिपाई आहेस की याचा वकील?" सगळे हसले होते म्हणे. हे तुम्ही मला सांगितलं असतं तर मी तुमच्याशी इतकी वर्षं तुटक बोलले नसते. कदाचित तरीही बोलले असते. वयच तसं होतं.

आता ते पान का शोधावं लागलं ते सांगते. तुम्ही गेल्यानंतर वनहक्काचा कायदा आला. गावाने पूर्वीपासून वापरलेल्या जंगलावर ग्रामसभा हक्क मागू शकते. त्या बाईच्या गावानेही दावा केला. कागद मीच तयार केले. उपविभागीय समितीने 'पुरावा अपुरा' म्हणून परत पाठवले. गाव बसलं, जुनं काय काय आठवतं ते सांगू लागलं. एक जण म्हणाला, "आमच्या गावच्या एका बाईवर बांबूची केस झालती नं, जेलात गेलती थे." मी अर्ज करून शोध घेतला. बाकीचे कागद नियमाप्रमाणे नष्ट झाले होते. कबुली आणि निकालाचं एवढं एकच पान शिल्लक होतं. गावाचं नाव, डोंगराचं नाव, बांबू तोडल्याची कबुली, शिक्का. गुन्हा म्हणून लिहून ठेवलेली गोष्टच आता वापराचा सरकारी पुरावा झाली. कायद्याचं हे असं आहे, बाबा. मला त्यात आनंद मानावा की काय, हे अजून ठरत नाही.

समितीपुढे ती बाई स्वतः आली. केस पिकलेत, एका डोळ्याने कमी दिसतं. समितीचे साहेब तरुण होते, चांगले होते, त्यांनी तिला खुर्ची दिली. दुभाषी तिथेही नव्हता. मीच उभी राहिले. ती बोलली, तितकीच लांब, तसेच हात हलवत. मी वाक्य न् वाक्य मराठीत सांगितलं. कूड, सासरा, त्याचा बाप. लेकराला सात दिवस शेजारणीने पाजलं, आणि ते जगलं, हेही सांगितलं. साहेबांनी नीट ऐकलं आणि फाइलवर एक ओळ लिहिली: 'पूर्वापार वापर असल्याचे सांगते.' मी सगळं सांगूनही तेवढंच उतरलं. दावा मात्र शिफारशीसह जिल्ह्याला गेला. गाव खूश आहे.

शेवटी साहेबांनी ते पान तिच्यापुढे धरून विचारलं, "यावर आणखी काही सांगायचं आहे?" ती गोंडीत म्हणाली, "तिथे एक माणूस होता. आपला होता, आपली बोली बोलत होता. म्हणून मी भ्यायले नाही, सगळं सांगितलं. त्याने माझं बोलणं त्या साहेबापर्यंत नेलंच नाही."

"काय म्हणतात?" साहेबांनी मला विचारलं.

मी म्हणाले, "काही नाही, साहेब. एवढंच."

बाहेर मुलचेऱ्याच्या बसची वाट बघताना तिने माझा हात हातात घेतला. गोंडी छान बोलतेस, कुणाची पोरगी तू, म्हणून विचारलं. इकडे कुणीही विचारतं तसं. मी म्हणाले, माझा बाप सरकारी नोकरीत होता. कुठल्या हाफिसात, ते मी सांगितलं नाही.