चांगली केस

३ फेब्रुवारी
— हात चोळून ऊबदार करा, मग पोटावर ठेवा, हे माझे वाक्य पुरे होण्याआधीच निमिषने धोंडुबाईंच्या पोटात गार बोटे रोवली. त्या दचकल्या, मग म्हणाल्या, आवं डॉक्टर, बर्फात हात घालून आलाय व्हय? सगळे विद्यार्थी हसले. मीही.

कॉलेजच्या रुग्णालयात शिकवायला रुजू झाल्याचा पहिलाच दिवस. खोली स्वच्छ आहे. खिडकीतून द्राक्षांचे मांडव दिसतात. वाईला फोन करून आईला सांगितले, काम मनासारखे आहे. विद्यार्थ्यांचे दोन गट: अ गट रुग्णाच्या खाटेशी पोट तपासायला शिकेल, ब गट रबरी पुतळ्यावर. मग परीक्षा. कोणती पद्धत सरस हे ठरेल आणि त्यावरचा शोधनिबंध माझ्या नावाने छापून येईल.

धोंडुबाई आटपाडीकडच्या. मेंढरे राखण्यात आयुष्य गेले. प्लीहा सुजून बरगडीखालून बेंबीपर्यंत आली आहे. विभागप्रमुख अनंत सर त्यांच्यासमोरच म्हणाले, चांगली केस आहे, जपा. धोंडुबाईंनी लाजून वेणी चाचपली. केसं चांगली व्हती कवातरी, म्हणाल्या, आता निम्मी गळाली. आम्ही पुन्हा हसलो. कुणी समजावले नाही.

७ फेब्रुवारी
पुतळ्याचे नाव मुलांनी दादासो ठेवले आहे. टक्कल, अर्धवट उघडे तोंड, पोटात हवेने फुगणारी प्लीहा. नव्या चपलेसारखा वास येतो.

ब गटाची बोटे लवकर तयार होतात, पण ते चेहऱ्याकडे बघत नाहीत. अ गट चेहऱ्याकडे बघतो आणि तरीही दाबतो. हे टिपून ठेवले.

११ फेब्रुवारी
धोंडुबाईंचा मुलगा बिराप्पा न्यायला आला होता. औषध घरीही चालेल. सरांना विचारले. ते खाटेशेजारी उभे राहून म्हणाले, परीक्षेपर्यंत केस सोडायची नाही. मी रक्ताची नवी तपासणी लिहिली आणि बिराप्पाला परत पाठवले.

दुपारी पाहिले तर धोंडुबाईंनी वेणी घट्ट आवळून बांधली होती. कपाळाची कातडी ताणली गेली होती. म्हणाल्या, सायेब म्हनलं न्हवं, केसं सोडायची न्हाईत.

मला समजले. मी सांगितले नाही.

१६ फेब्रुवारी
त्यांच्या पोटावर बोटांचे निळे डाग आहेत. जेवत नाहीत. हात यायच्या आधीच म्हणतात, व्हय, दुखतंय. एका मुलाने तळहाताला लागलेला घाम त्यांच्याच चादरीला पुसला.

दादासोच्या रबरावर त्याच जागी निळे डाग. स्पिरिटने पुसले. कापूस पिवळा झाला, चिकट. बोट दाबले तर खळगा तसाच राहिला. नव्या चपलेचा वास गेला. आता शिळ्या तेलाचा, न धुतलेल्या डोक्याचा वास येतो.

१९ फेब्रुवारी
धोंडुबाईंनी वेणी कापली. कात्री आयाबाई मंगलकडून मागून घेतली, ड्रेसिंगची. वेणी माझ्या हातात ठेवली. ओलसर, तेलकट, लिखांनी भरलेली.

म्हणाल्या, तुमास्नी केसं पायजे व्हती न्हवं? घ्या की. आता मला सोडा, बाई.

त्यांच्या डिस्चार्जचा कागद टेबलावरच होता. परीक्षा झाली की, म्हटले. वेणी कचऱ्यात टाकली. हात धुतले. पुन्हा धुतले. वास जात नाही.

२० फेब्रुवारी
दादासोच्या तोंडातून केस बाहेर आलेला. पांढरा. ओढला. येतच राहिला — लांब, कोमट, लाळेने भिजलेला. त्यामागे आणखी. मंगल मोरीवर जाऊन ओकली.

सरांना सांगितले. मुलांची चेष्टा असेल, म्हणाले.

दादासोचे पोट वर-खाली होत होते. हवेची नळी काढलेली —

२१ फेब्रुवारी
परीक्षा. निमिष शेवटचा. जोरात दाबले. धोंडुबाईंनी या वेळी दुखतंय म्हटले नाही. चेहरा पांढरा. पोट फळीसारखे. मी थांबा म्हणायला तोंड उघडले — सर म्हणाले, गुण लिही, श्रद्धा.

लिहिले.

मग शेजारच्या खोलीतून, जिथे दादासोशिवाय कुणी नव्हते — व्हय. दुखतंय. सोडा —

२२ फेब्रुवारी, सकाळ
धोंडुबाई गेल्या. प्लीहा फुटली होती. बिराप्पाने टेम्पो आणला. आईच्या डोक्यावरचा पदर नीट केला आणि विचारले, हिची केसं कुटं हायत?

अ गटाचे गुण जास्त आले. सर खूश आहेत.

दात घासताना जिभेखाली केस लागला. ओढते आहे. घशातून येतो आहे. अजून संपला ना—