औषधाच्या लेव्हलची तयारी

५ मार्च, सकाळी
रत्नागिरी. हॉस्पिटल, बेड नंबर चार. काजूच्या बागेत पायात खुंट घुसला, जंतू थेट हाडात. डॉ. भार्गवीबाई म्हणाल्या, रोज दोन वेळा सलाईनमधून अँटिबायोटिक. अधूनमधून डोसच्या आधी रक्त काढून औषधाची लेव्हल बघणार. वर गेली तर किडनीला धोका, आणि कमी पडली तर... पुढचं ऐकलं नाही, चहा आला होता.
१९ तारखेला देवीची पालखी आमच्या घरी. खांदा मीच देणार. संकल्प: टेस्ट पास, १७ला डिस्चार्ज.

६ मार्च
शुगरची टेस्ट मी वीस वर्षं पास होतोय. आधी दोन दिवस भात बंद, कारल्याचा रस चालू. इथेही तयारी हवी. सानवी सिस्टरांची पाठ वळली की नळी सोडवायची, अर्धं औषध बेडखालच्या बादलीत. सोप्पं.

८ मार्च
लेव्हल फारच कमी! बाईंचा चेहरा पडला. विद्यार्थी जास्त हुशार निघाला की मास्तरांचं असंच होतं. त्यांनी डोस वाढवला. मी बादलीचा वाटा वाढवला.

११ मार्च
पुन्हा कमी. बाई म्हणाल्या, असा पेशंट पाहिला नाही. मी नम्रपणे मान डोलावली. डोस आणखी वाढला. गोदा म्हणते, पायाला वास येतोय. बायकोला कशातही खोट दिसते.

१२ मार्च
ताप १०२. पंख्यामुळे.

१३ मार्च
गोदा मुक्कामाला आली. बाटलीवरून नजर काढेना. तीनदा चहाला पाठवून बघितलं. "तुमी झोपा गप, मी हितंच बसलेय." अख्खी बाटली आत गेली. संध्याकाळचीही.

१५ मार्च
लेव्हल पार वर. क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे किडनी कुरकुरतेय. बाईंना मशीनचा संशय. रक्त पुन्हा घेतलं, आकडा तोच. सानवी सिस्टर कोपऱ्यात रडत होत्या, डोस आपल्याच हातून चुकला असं समजून. मग मात्र बादलीचं सांगून टाकलं. घाबरलो होतो, खरंच. औषध बंद. हाडाचं ऑपरेशन ठरलं.

१९ मार्च
गोदा पालखीसाठी घरी. व्हिडिओ कॉल लावून दिला. खांदा माझ्या भावाने, रघूने दिला. पालखी माझ्यापेक्षा बरी नाचवली. हे फक्त इथे लिहितोय. मग गुरवाने अंगणात माझ्या नावाने गाऱ्हाणं घातलं. "बाय माजे, ह्याचा पाय ऱ्हाऊ दे, किडनी ऱ्हाऊ दे, आन् ह्याला जरा अक्कल दे!"
अख्खी वाडी एका आवाजात, "व्हय म्हाराजा!"
सवयीने मीही ओरडलो.