काकू, मी आणि भलतेच ठिपके

मंगळवार, १४ मार्च

आज काय झालं:
१. उजाडताच निघालो. मी आणि काकू.
२. दुपारी वाट चुकली. चूक माझी.
३. काकूंच्या टाचेला फोड आला. बूट कोरे करकरीत. चूक त्यांची.
४. उजेड असतानाच मुक्कामाच्या खोलीवर पोचलो.
५. माझं लग्न ठरल्याप्रमाणे होणार नाही, असं दिसतं.

पाचवर यायला मला वेळ लागणार. आधी बाकीचं.

काकू म्हणजे त्याची आई. मे महिन्यात माझ्या सासूबाई होणाऱ्या. देवस्थानापर्यंतची ही लांबलचक पायवाट त्या दर वर्षी थोडी थोडी चालतात. यंदा मला म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. लग्नाआधी एकदा तुला दमलेली बघायचीय." म्हणजे परीक्षा! परीक्षेला मी तयारीनिशी जाते. प्रत्येक वस्तू वजन करून पिशवी भरली. काकूंनी ती एका बोटाने उचलून बघितली. "एवढीच? यात संसार कसा मावायचा गं तुझा?" त्यांच्या पिशवीत उशी होती. अख्खी उशी!

"बोल की. मनात हसतेस ते मला इकडे ऐकू येतंय."

काकू चालताना बोलतात. मी चालताना चालते.

"कामावर तरी तोंड उघडतेस का?"
"पूल तपासायला तोंड लागत नाही, काकू. त्यांचं ऐकायचं असतं."
"मग मी पूलच व्हायला हवं होतं!"

वाटेची खूण म्हणजे दगडांवरचे पांढरे ठिपके. एका फाट्यावर ते दगडांवरून गायब झाले आणि झाडांवर दिसायला लागले. काकू थबकल्या. "दगड सोडून झाडावर कशाला गं चढले?" मी म्हणाले, "खूण ती खूण." ठिपके इतके नीट गोल होते की शंका घ्यायला जागाच नव्हती. उतरत उतरत गेलो ते थेट लाकूड कापायच्या कारखान्यात. करवतीवरच्या माणसाने यंत्र बंद केलं, आमच्या काठ्यांकडे बघितलं.

"मावशी, देव वरच्या अंगाला. इथे फळ्या मिळतील."

तोडायच्या झाडांवरच्या खुणा होत्या त्या! काकू ओंडक्यावर बसून पोट धरून हसल्या.

"घरी सांगू नका," मी म्हणाले.
"छे! तुझ्या नातवंडांपर्यंत पुरवणार मी ही गोष्ट."

आणि एकदम गप्प झाल्या. मला वाटलं, फोड दुखत असेल.

बूट काढायला लावला. टाच मांडीवर घेऊन पट्टी लावत होते. काकू कुठेतरी दुसरीकडेच बघत म्हणाल्या, "आता हे बूट तिकडेच वापरायचे. आम्ही राहायला गेलो की घरामागे चालायला जागा आहे म्हणे."

आम्ही. आपण नव्हे.

'आपण'मध्ये मी असते. 'आम्ही'मध्ये ऐकणारा नसतो. काकूंची जीभ एरवी अशी घसरत नाही — कालपर्यंत त्या "आपल्या घरी", "आपला गॅस", "आपला तो कुलकर्णी प्लंबर नको" असंच म्हणत होत्या.

"आम्ही म्हणजे कोण, काकू?"
"मी आणि तो."
"तिकडे म्हणजे?"

त्याचा मोठा भाऊ राहतो त्या देशात. भावाच्याच कंपनीत नोकरी. गेल्या महिन्यात होकार देऊन मोकळा झालाय.

"मलाच पाठवलंय त्याने तुला सांगायला," काकू म्हणाल्या. "सकाळपासून सांगू सांगू म्हणतेय. तोंडातून निघेना."
"माझं काय म्हणाला?"
"म्हणाला, तिला यायचं असेल तर ये म्हणावं."

पाहुण्यांना म्हणतात तसं. पहिल्याच भेटीत मी एकच अट सांगितली होती: दोघांनी इथेच राहायचं. नदीवरच्या जुन्या पुलाची दुरुस्ती एप्रिलपासून माझ्याकडे येते आहे. तेव्हा तो म्हणाला होता, "अर्थातच!"

"तुम्हाला जायचंय तिकडे?" मी विचारलं.
"मला विचारतंय कोण?" आणि मग, "रागावलीस?"
"नाही."
"खोटं बोलतेस."
"हो."

पट्टी अर्धीच लागली होती. पूर्ण लावली.

बुधवार, १५ मार्च

काकूंनी विचारलं, परत फिरायचं का. मी म्हणाले, पट्टी दुपारपर्यंत टिकेल. चाललो. काकू गप्प असल्या की वाट फार लांब होते.

उन्हं चढल्यावर एका झाडावर पांढरा ठिपका दिसला. काकूंनी काठी रोखली आणि अगदी माझ्या आवाजात म्हणाल्या, "खूण ती खूण." मला हसू आवरेना. त्यांनाही. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मी दुसरीकडे बघितलं.

गुरुवार, १६ मार्च

बसने परत. त्याला फोन केला.

"आईने नीट सांगितलं नसेल."
"नीटच सांगितलं."
"अगं, जरा समजून घे ना!"

समजलं म्हणूनच फोन केला होता. लग्न मोडलं. आवाज चढवला नाही. नंतर बराच वेळ स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त करत बसले. झाला.

शनिवार, १८ मार्च

बाबांनी हॉलवाल्यांना कळवलं. आई म्हणते, "त्या बाईनेच घात केला." मी म्हणाले, घात नाही, काम केलं. ज्याचं होतं त्याने केलं नाही. आई म्हणाली, "तू तिची बाजू का घेतेस?"

माहीत नाही.

सोमवार, २० मार्च

पाठवलं:

काकू, मे महिन्यात लग्नासाठी घेतलेली रजा मी रद्द केलेली नाही. देवस्थानापर्यंतची उरलेली वाट चालणार आहे. तुम्ही येणार का? उत्तर तुमचं हवं, त्याचं नको. शुक्रवारपर्यंत कळवा.