समोरच्या मशीनने नकार दिला

चि. ढब्बू,

आशीर्वाद मागाहून. आधी मला सांग, दूर बसून घरात आग लावायचा पगार कोण देतं तुला? चांगलं चाललं होतं आमचं. तुझी आई लाँड्रीत मागे इस्त्री करायची, मी पुढे गिऱ्हाइकं बघायची, आणि डॉक्टरांच्या कोटावरचा डाग धुण्यात पडला की इस्त्रीत, यावरून आम्ही दोघी जावा एकमेकींशी अक्षर बोलत नव्हतो. दुकान कसं शांत! म्हणून तूच दोन कॉम्प्युटर बसवलेस, एक काउंटरवर, एक मागे. मी इथे लिहायचं, तिला तिथे दिसायचं. (माझ्या चौथीपर्यंतच्या शाळेत शर्ट-पँट लिहिण्यापुरतं बसतं.) चाललं, नाही म्हणत नाही. मग त्यात सुधारणा कर म्हणून तुझे पाय कोणी धरले होते?

रविवारी तू नवा प्रोग्राम पाठवलास आणि सोमवारी सकाळी माझ्या पडद्यावर लाल अक्षरांची रांग. (पायथन नावाच्या भाषेत लिहिलाय, पायथन म्हणजे अजगर, म्हणालास तेव्हाच ओळखायला हवं होतं, हा गिळून सुस्त पडणार.) फोनवर म्हणालास, वायर काढून घाल. घातली. मग म्हणालास, आधी मागचं मशीन चालू करा, ते कान देऊन बसलं की पुढच्यानं हाक मारायची. अरे, जिच्याशी बोलत नाही तिला हे सांगू कसं? हँगरनं पार्टिशनवर ठोकलं. तिनंही आतून ठोकलं. (जोरात. त्या ठोकण्याचा अर्थ मला कळतो.) पुन्हा लाल!

तेवढ्यात कपडे न्यायला शाळेतल्या बाई आल्या. त्यांनी ते इंग्रजी वाचून सांगितलं, समोरच्या मशीनने स्वतःहून नकार दिला आहे. स्वतःहून! समोरच्या मशीनवर कोण, तर तुझी आई. माझं डोकंच फिरलं. बाईंना तशाच उभ्या ठेवून मी आत गेले आणि इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं तिच्यावर ओतलं. काय बोलले ते लिहीत नाही, तुझी आई आहे. ती हलली नाही. पडद्याकडे बोट दाखवून एवढंच म्हणाली, "ताई, हे सकाळपासून वाट बघतोय म्हणतंय आणि मी याच्यासमोर बसलेय. मला वाटलं, तुम्ही आता लिहायचंही बंद केलंत." यावर गप्प बसायचं सोडून मी आणखी दोन वाक्यं जास्त बोलले. तिनं इस्त्री बंद केली, पिशवी भरली आणि बहिणीकडे निघून गेली.

आणि संध्याकाळी तू फोनवर हसतोस! काय तर म्हणे, काकू, मागच्या मशीनला हाक मारायचा नंबर चुकला. एकशे सत्तावीसवाला नंबर म्हणजे ज्याचं त्याचं स्वतःचंच मशीन. तू तुझ्या एकाच लॅपटॉपवर दोन्ही प्रोग्राम चालवून बघितलेस आणि तोच नंबर तसाच ठेवून पाठवलास. म्हणजे माझं मशीन सकाळभर स्वतःलाच हाका मारत होतं, आत ऐकायला कोणी नाही म्हणून स्वतःच नकार देत होतं, आणि तुझ्या आईचं बिचारं मागे कान टवकारून बसलेलं. गाढवा, पाठवण्याआधी दुसऱ्या मशीनवर बघता येत नव्हतं? तुझी तब्येत विचारत नाही. दुसऱ्यांची बिघडवणाऱ्यांची उत्तमच असते.

तू सांगितलेला नंबर घातला. लाल गेलं, जोडलं गेलं. आता मी आठ शर्ट लिहिते, ते धावत मागे जातात आणि रिकाम्या खुर्चीसमोर उभे राहतात. गठ्ठे छताला लागलेत. मला इस्त्रीची काळजी आहे, बाकी कशाची नाही. आईला फोन कर आणि चूक तुझी होती, तिची नव्हती, असं स्वच्छ सांग.

आशीर्वाद. (अर्धेच.)
मोठी काकू

ता. क. मी पत्र लिहिलं हे तिला कळता कामा नये.

ता. क. पुन्हा. तिची गुडघ्याची तेलाची बाटली इथेच राहिलीय, आणि बहिणीकडे तीन मजले चढायचे. मी पोचवणार नाही. स्वतः येऊन ने म्हणावं. कधी येतेय ते गुरुवारपर्यंत कळव. येतेय का, असं मी विचारलेलं नाही.