गारिकाईच्या रायफलीची पारख

४ जून

ठाण्यातून रायफल परत मिळाली. हवालदार अगदी कोवळा होता. दोन्ही हातांनी पुढे केली आणि म्हणाला, "बाबा, तुमच्या मुलाची वस्तू." वस्तू म्हणाला. त्याचं काय चुकलं, दुसरं काय म्हणणार तो?

कारोईच्या बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो. लोकांनी बाजूला सरकून जागा दिली. सगळ्यांना माहीत आहे.

गारिकाईची आई दारात उभी होती. "ती घरात आणू नका," एवढंच बोलली. मागच्या कारखान्यात ठेवली. पिशवीतून काढली नाही.

७ जून

जूनची थंडी. मक्याचा साड्झा घशाखाली उतरत नाही. तिच्याही नाही. दोघं एकमेकांसाठी खाल्ल्यासारखं करतो.

८ जून

सारखं डोक्यात फिरतंय. लिहून काढतो, म्हणजे निदान एका जागी बसेल.

गारिकाईनं शिकारीला नेलेल्या पाहुण्यानं खाली खोऱ्यात रानरेड्यावर गोळी झाडली. पोटात लागली. जखमी रेडा मोपानीच्या दाट झाडीत घुसला. पाहुण्याला गाडीपाशी ठेवून गारिकाई आत गेला — त्याचं कामच ते. शिकार करवणाऱ्याला पाहुण्यानं केलेली घाण निस्तरावी लागते. सोबत फक्त जायरोस, माग काढायला. जायरोस म्हणजे गारिकाईच्या आईचा सख्खा भाऊ. पोराला माती वाचायला त्यानंच शिकवलं.

पाहुण्यानं एक बार ऐकला. मग ओरडणं. मग काही नाही.

रेडा थोडा पुढे जाऊन मेला. गारिकाई त्याच्याआधी गेला होता. जायरोस रायफल घेऊन गाडीकडे आला — रिकामी करून, कारण गाडीत भरलेली रायफल न्यायची नाही हे त्याच्या हातातच बसलेलं. झाडलेल्या काडतुसाची एकच पुंगळी सापडली. दुसरा बार का झाला नाही, हे पोलिसांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, "फार पटकन झालं सगळं." मी विचारलं तेव्हाही तेच. मातीच्या दिवशी कोपऱ्यात उभा होता. त्यानंतर आलेला नाही.

दुसरा बार का झाला नाही?

चाळीस वर्षं मी लोकांच्या रायफली दुरुस्त करतोय. याचं उत्तर मला देता यायला हवं.

११ जून

आज पिशवी उघडली.

दस्त्यावर ओरखडे आहेत, खोल. तिकडे बघितलं नाही. गिऱ्हाइकाची रायफल असल्यासारखी हातात घेतली.

नळी उत्तम. चाप स्वच्छ सुटतो, माझ्या रायफलीपेक्षा हलका. सुरक्षेचा खटका अंगठ्याखाली बसतो, आवाज न करता पुढे जातो. माझ्या जुनीचा खटका काडतूस नळीत ढकलणाऱ्या बोल्टच्या शेपटाला, उभा करून वळवावा लागतो. हे मान्य करायला हवं — इथे नवीन लोक जिंकले. वजनाला हलकी. दिवसभर खांद्यावर बाळगायला बरी, पण जड काडतुसाला एवढी हलकी रायफल खांदा फोडते, आणि दुसऱ्या बाराला नळी उशिरा खाली येते.

दुर्बीण काढलेली होती, गाडीत सापडली. म्हणजे झाडीत जाताना त्यानं ती उतरवली, नळीच्या टोकाच्या साध्या माशीवर नेम धरायचा म्हणून. जवळच्या जनावराचे दुर्बिणीत नुसते केस दिसतात. म्हणजे डोकं ठिकाणावर होतं त्याचं.

मग बोल्ट बाहेर काढला. इथे माझं आणि त्याचं कधी पटलं नाही.

बोल्टच्या तोंडाला नखाएवढी आकडी. काडतूस पेटीतून सुटतं आणि बोल्ट त्याला नुसता ढकलत नेतो, धरत नाही. बोल्टची दांडी खाली वळेपर्यंत ते मोकळंच. मध्येच हात थबकला, मागे आला, की पहिलं काडतूस नळीत पडून राहतं आणि दुसरं मागून येऊन त्याच्या बुडावर आपटतं. अडकलं. मग हातात रायफल नाही, काठी असते.

माझ्या रायफलीला बोल्टच्या अंगाला लांब पोलादी पंजा आहे. काडतूस वर आलं की त्याचं बूड पंजात. अर्ध्यातून मागे ओढा, तेच काडतूस बाहेर येतं. घाबरलेल्या माणसासाठी बनवलेली वस्तू आहे ती. ज्यानं कुणी बनवली त्याला भीती ठाऊक होती.

१५ जून

ही रायफल त्यानं आणली तो दिवस आठवतोय. अंगणात मला दाखवत होता, लग्न ठरलेल्या मुलीचा फोटो दाखवावा तशी.

"बाबा, तुमची म्हणजे म्हातारी गाय. दूध देते, पण उठायला अर्धा दिवस घेते."

"आणि तुझी?"

"माझी हरणी."

"हरणी रेड्यासमोर उभी राहत नाही रे."

"उभं मला राहायचंय. तिला नाही."

त्याची आई चुलीपाशी हसली होती. जायरोसही होता. भाच्याच्या पाठीत गुद्दा घालून म्हणाला, "उभा राहा तू. मी झाडावर असेन."

१६ जून

काम केलं नाही.

२३ जून

बिनदारूची काडतुसं भरून बसलो. सावकाश चालवली — एकदाही अडकली नाही. जोरात चालवली — नाही. वाकडी धरली, उताणी धरली. नाही.

पण टेबलाशी बसलेल्या म्हाताऱ्यावर कुठे रेडा येतोय?

म्हणून घरामागच्या टेकाडाएवढ्या वारुळावर पळत चढलो, उतरलो, पुन्हा चढलो. छातीत धडधडायला लागलं, हात कापायला लागले. मग रायफल उचलली, डोळे मिटले, आणि समोर रेड्याचं ते काळं तोंड आणलं. पहिला बार. बोल्ट मागे, पुढे — आणि हात थबकला, मागे गेला, पुन्हा पुढे. अडकली. दोन काडतुसं एकावर एक.

पुन्हा पळालो. पुन्हा अडकली.

शेजारची बाई कुंपणावरून बघत होती. आत जाऊन नवऱ्याला म्हणाली, मला ऐकू आलं: "गारिकाईच्या बापाचं डोकं फिरलं."

शामिसो शेतावरून आली तेव्हा मी वारुळावर बसून धापा टाकत होतो. शामिसो माझी धाकटी. तीही भावाच्या वाटेनं निघालीय — शिकारीच्या परवान्याची परीक्षा देणार आहे या वर्षाअखेर.

"बाबा, काय करताय?"

सांगितलं. तिनं रायफल घेतली, पळाली, माझ्या दुप्पट पळाली, येऊन चालवली. अडकली नाही. पुन्हा. पुन्हा. बोल्ट पूर्ण मागे, पूर्ण पुढे. दादा शिकवायचा तसं.

"बघा," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून रायफल खाली ठेवली.

२४ जून

रात्रभर ते "बघा" टोचत राहिलं. सकाळी तिला म्हणालो, "म्हणजे तुझं म्हणणं, त्याचा हात चुकला."

"मी असं म्हणाले नाही."

"रायफल चांगली असेल तर मग हात चुकला. दुसरं काय उरतं?"

"बाबा, मला नाही माहीत. मी तिथे नव्हते. तुम्हीही नव्हता."

"माझा पोरगा घाबरणारा नव्हता."

"घाबरला असेल तर काय बिघडलं?" तिचा आवाज चढला. "रेडा येत होता अंगावर. घाबरला असेल तर तो आपला नाही का?"

तिची आई आतून आली आणि शामिसोला हाताला धरून घेऊन गेली. जाताना मला म्हणाली, "लोखंडावर खटला भरून पोरगा परत येणार आहे का?"

नाही येणार. पण लोखंडाला दोष देता येतो. त्याला नाही देता येत मला.

५ जुलै

जायरोसला निरोप धाडला. नांगराचं काम आहे म्हणाला. जुलैच्या कोरड्या थंडीत कोण नांगरतं?

१९ जुलै

आज गारिकाईच्या वस्तू वाटल्या. रीतीप्रमाणे माझा भाचा लँग्टन वाटायला बसला. चटईवर कपडे, बूट, रेडिओ, कमरेचा पट्टा. एकेक उचलायचा, नाव घ्यायचा, बायका आभाराच्या टाळ्या वाजवायच्या. निळा स्वेटर माझ्या धाकट्या भावाकडे गेला. त्यानं तिथंच अंगात घातला. मागून बघितलं तर — नको.

गारिकाईच्या आईच्या माहेरच्यांची जागा रिकामी. माझ्या बहिणीनं टोमणा मारलाच: "पोराच्या मामाला झाडीत जायला पाय होते, इथे यायला नाहीत." गारिकाईची आई मान खाली घालून बसली. भावाची लाज तिनं एकटीनं गिळली.

शेवटी रायफल.

शामिसो उठली, सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसली. म्हणाली, "ही मला हवी. दादाची आहे. मी ती चालवू शकते, बाबांनी पाहिलंय."

लँग्टननं माझ्याकडे बघितलं. "मामा, पारख तुमची. तुम्ही बोला."

मी उभा राहिलो. सांगितलं, की हिची नळी चांगली, चाप चांगला, खटका माझ्या रायफलीपेक्षा चांगला. हरणासाठी हिच्यात खोट नाही. पण अंगावर येणाऱ्या जनावरासाठी ही बनवलेली नाही. काडतूस धरून ठेवत नाही. हिनं माझ्या मुलाला दगा दिला. ही या घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हातात जाणार नाही.

शामिसो उठून मागे गेली. माझी जुनी तिला देतो म्हणालो. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

एक गोष्ट मात्र झाली. चटई गुंडाळताना बहीण म्हणाली, "म्हणजे पोराची चूक नव्हती तर." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तेच हवं होतं.

२१ जुलै

ठाण्यात रीतसर कळवून आलो, मग वीज आल्यावर बोल्ट सानेवर धरला. आकडी गेली, बोल्ट नळीत घट्ट बसवणारे पुढचे दोन्ही कान गेले. ठिणग्या उडाल्या. चांगलं पोलाद होतं, वेळ लागला.

वाटलं होतं हलकं वाटेल.

२२ जुलै

शामिसो बोलत नाही. चहाची किटली समोर ठेवते आणि जाते.

३० जुलै

आज तिनं जुनी रायफल मागितली. दिली. आम्ही दोघं बांधावर गेलो. पहिल्या बाराला खांदा चोळला, मग हसली — मे महिन्यानंतर पहिल्यांदा. "खरंच म्हातारी गाय आहे," म्हणाली. आणि मग तिथंच खाली बसून रडली. मी शेजारी बसलो. मला अजून रडू आलेलं नाही.

२ ऑगस्ट

जायरोस आला. अंगणात आला आणि बसला नाही. लँग्टननं त्याला सांगितलं म्हणे, मी रायफल दोषी ठरवली.

"रायफल अडकली नाही," तो म्हणाला. "मी ती उघडली तेव्हा नळीत शाबूत काडतूस होतं. दांडी खाली, खटका पुढे, झाडायला तयार. पहिला बार लागल्यावर रेडा माझ्यावर वळला. मी उलटा पळालो, सरळ गारिकाईच्या अंगावर. रेडा माझ्या मागे. तो ओरडत होता, 'मामा, पड! पड!' मी पडलो नाही. मी मध्ये होतो, भावोजी. त्यानं नेम धरला होता, आणि मी मध्ये होतो. त्यानं मला हातानं बाजूला लोटलं."

रायफल बरोबर होती. हातही बरोबर होता.

गारिकाईची आई बाहेर गेलीय, भावाला आत आणायला. मला उठवत नाहीये.